कॅटलॉग मागवू की मुंबई गाठू?

विट्याच्या मित्राची पोरगी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करतेय, तिने गेल्या आठवड्यात फोन करून विचारलं, काका, चित्रांच्या नादासाठी वर्षाला चारेक हजार बाजूला पडतात, त्यात एक जाडजूड कॅटलॉग, म्हणजे प्रदर्शनातल्या चित्रांचं पुस्तक घेऊ की महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन प्रदर्शनं बघून येऊ. दोन्ही एकदम परवडत नाही. मी सांगलीत राहून बारा-तेरा वर्षं दोन्ही आलटून पालटून केलंय, म्हणून म्हटलं फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच टाकू, अजून कुणाला उपयोग झाला तर झाला.

कॅटलॉगची बाजू आधी, कारण ती तशी भक्कम आहे. २०१४-१५ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं मोठं प्रदर्शन झालं, आता सांगलीतून कोण जाणार तिथं, आपल्यासाठी पुस्तक हाच रस्ता. आणि भिंतीवरच्या चिठ्ठीत काय असतं तर नाव, साल, ऑइल ऑन कॅनव्हास, संपलं. लेखात मात्र कळतं की हा माणूस ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचा, खरवडायचा, परत चढवायचा, ‘अमूर्त’ म्हटलेलं त्याला पटायचं नाही, स्वतः ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणायचा. १९६४ ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेला, १९७२ च्या सुमारास मुंबई सोडून दिल्लीला निजामुद्दीनला जाऊन राहिला. हे डोक्यात असलं की पुढं कधी खरं चित्र समोर आलं तर काय शोधायचं ते डोळ्याला माहीत असतं. ज्याला लिहायचंय, शिकवायचंय, त्याला कॅटलॉगशिवाय गत्यंतर नाही असंच मी म्हणेन.

आता कुरबुरी. पुस्तकात सगळी चित्रं वीतभरच असतात. गायतोंडेंवर ज्याचा परिणाम झाला त्या चित्रकार पॉल क्लेची कितीतरी कामं वहीच्या पानाएवढी, आणि यांचे कॅनव्हास पाच-पाच फूट उंच, पण छापल्यावर दोघं सारखेच. खाली सेंटीमीटर लिहिलेले असतात, ते कोण वाचतं. एकदा मी टेप काढून हॉलच्या भिंतीवर खडूने ६० बाय ४० इंच आखलं, तर बायको म्हणाली, इथनं दार काढताय काय! पण खरं सांगतो, त्या रिकाम्या चौकटीनं मला जेवढं सांगितलं तेवढं त्या पानानं सांगितलं नव्हतं. दुसरी कुरबूर शिवणीची. आपल्या शेजारच्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनचं १९५५ चं ‘जमीन’ हे लांबलचक चित्र माझ्याकडच्या पुस्तकात दोन पानांवर पसरलंय आणि मधलं एक माणूस अख्खं बाइंडिंगने गिळलंय. हिरवा रंग तर विचारूच नका, एकच चित्र दोन पुस्तकांत, एकात शेवाळ एकात पोपट.

पण हे सगळं मी चालवून घेत होतो. माझं ठरलं ते एका कोऱ्या पानावरनं.

साडेतीन हजाराचा एक कॅटलॉग मागवला होता, आधुनिक भारतीय कलेचा, पोस्टाने यायला तीन आठवडे. घरी आल्यावर चहा बाजूला ठेवून, हात धुऊन एकेक पान उलटत होतो आणि मधेच एक पान पांढरं. म्हणजे चौकट आहे, खाली नाव आहे, चित्र नाही. मी तावातावानं दुकानदाराला फोन केला की अहो पान छापायचं राहिलंय, बदलून द्या. तो बिचारा म्हणाला, साहेब, खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवा. सोमनाथ होर, ‘वूंड्स’. तो हसला नाही हे त्याचे उपकार.

ज्यांना माहीत आहे ते हसतीलच. सोमनाथ होर हे बंगालचे चित्रकार-शिल्पकार, १९४३ चा बंगालचा दुष्काळ या माणसाने तरुणपणी समोर बघून रेखाटला होता, आणि पुढं १९७० च्या दशकात ही मालिका केली. मातीच्या थरावर सुरीने चिरे पाडायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा, आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबून बसवायचा. शाई नाहीच. पांढऱ्यावर पांढरं. जे काय दिसतं ते खोलगटात पडलेल्या सावलीमुळं दिसतं. आता ही सावली कॅमेऱ्याचा लाइट समोरून पडला की मेली, उरलेली छपाईत मेली, आणि माझ्या हातात कोरं पान.

नंतर दोनेक वर्षांनी मुंबईत एका प्रदर्शनात तसलंच एक समोर आलं. प्रथम परत तेच, पांढरा कागद. लाइट वरून तिरका होता, मी डावीकडं दोन पावलं सरकलो आणि एक चीर उघडली, अगदी कातडी फाटल्यावर कडा वर येतात तशी. परत उजवीकडं गेलो, मिटली. गार्डला वाटलं असेल ह्याला काय झालंय. पाच-सात मिनिटं मी तिथं नुसता डुलत होतो. मोजून सांगता येत नाही हे, पण ते झाल्यापासून चित्रांवर खर्च करायचा म्हटलं की माझा हात आधी तिकिटाकडं जातो.

शिल्पाचं तर बोलायलाच नको, पुस्तकात त्याची एकच बाजू मिळते, मागे काय आहे ते फोटोग्राफरला माहीत.

मुंबईचे तोटे लपवत नाही. महालक्ष्मी सीएसएमटीला सकाळीच सोडते, जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते, तोवर पाठीवर बॅग घेऊन काळाघोड्याला हिंडत बसायचं. सोमवारी एनजीएमए, म्हणजे सरकारी आधुनिक कलेची गॅलरी बंद, मी एकदा तेच केलंय, समोर म्युझियम बघून परत आलो. जहांगीरची प्रदर्शनं बहुतेक आठवड्याचीच असतात, तुम्ही गेलात त्या आठवड्यात काय लागलंय हे नशीब. कधी कधी अख्ख्या दिवसात बघण्यासारखं एकच निघतं. तरी जहांगीरला आत जायला पैसे नाहीत, आणि त्या एकासाठी गेलेली रात्र वाया गेली असं मला तरी आजवर वाटलं नाही, दुसऱ्याला वाटू शकतं.

आणि कुणी म्हणेल पुस्तक निदान कायमचं आपलं राहतं, तर २०१९ च्या पुरानंतर सांगलीत हे वाक्य जपून बोलावं. माझे चार कॅटलॉग खालच्या फळीवर होते. कादंबऱ्या वाळवल्या की निदान वाचता येतात, आर्ट पेपर भिजला की पानं एकमेकांना चिकटून वीटच होते. त्यातली एक अजून दाराला अडकण म्हणून वापरतो.

त्या पोरीला मी म्हटलं, दोन्हीच्या आधी एक रविवार औंधला जा, विट्याहून लांब नाही. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभारलेलं भवानी संग्रहालय आहे, तिथं इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाईल्ड’ हे शिल्प आहे, चक्क आपल्या सातारा जिल्ह्यात. आधी फोनवर त्याचा फोटो बघ, मग समोर उभी राहा. रवी वर्माही आहेत, बघून ये, पण जास्त वेळ मूरपाशी दे. फरक जाणवला नाही तर बिनधास्त कॅटलॉग घे, पैसे वाचतील. जाणवला तर मला फोन कर, बॅग कुठं ठेवायची आणि दुपारी स्वस्तात कुठं जेवायचं ते सांगतो.

वाचायला मात्र माझ्याकडचे उरलेले कॅटलॉग घेऊन जा म्हटलं. त्या पांढऱ्या पानाच्या कडेला मी पेन्सिलीनं ‘तिरकं धरून बघा’ असं लिहून ठेवलंय, उपयोग काही होत नाही, पण पान छापायचं राहिलंय असा फोन तरी येत नाही.