'राजीनामा दे, हिशेब चोख करतो' असं मालक म्हणाला तर

काम कमी झालं की मालक एकेकाला केबिनमध्ये बोलावतो. "कपातीत गेला असं रेकॉर्डला आलं तर पुढे नोकरी मिळायला तुलाच त्रास होईल. तू आपला माणूस आहेस. राजीनामा दे, हिशेब चोख करतो, नवीन युनिट सुरू झालं की पहिला फोन तुलाच." भोसरीतल्या आमच्या मशीन शॉपची दुसरी पाळी २०२३ च्या दिवाळीनंतर बंद झाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना हेच ऐकवलं गेलं. मी तिथे नऊ वर्षं क्वालिटीला होतो. बहुतेकांनी राजीनामे दिले, मीही दिला. ना नवीन युनिट सुरू झालं, ना हिशेब झाला.

यात फसवणूक कुठे आहे ते नीट समजून घ्या. काम नाही म्हणून मालकाने कामगार कमी केला, तर तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार द्यावा लागायचा. शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार नुकसानभरपाई म्हणून. ही भरपाई ग्रॅच्युइटीहून, म्हणजे नोकरी सुटताना वर्षांच्या हिशेबाने मिळणाऱ्या रकमेहून, वेगळी. कामगाराच्या हातचा राजीनामा मिळाला की मालकाचा हा सगळा खर्च वाचतो, आणि कागदावर मात्र माणूस स्वखुशीने गेलेला दिसतो.

पुढचा सापळा 'फुल अँड फायनल'चा, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदाचा. अकाउंट्सवाल्याने माझ्यासमोर जो कागद ठेवला त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला होता, रकमेची जागा कोरी होती आणि खाली छापलेलं होतं, 'कंपनीकडून माझे कोणतेही येणे बाकी नाही.' सही झाल्याशिवाय चेक तयार होत नाही, असं तो म्हणाला. मी सही केली नाही. रक्कम भरल्याशिवाय आणि तिचा तपशील लेखी मिळाल्याशिवाय तुम्हीही करू नका. घरच्या अडचणीपायी कुणी सही केली असेल तर एवढं माहीत असू द्या की ग्रॅच्युइटीचा कायदा इतर करारांच्या वर आहे. अशा एका ओळीने तो हक्क बुडत नाही.

त्याच आठवड्यात पीएफचं पासबुक उघडलं. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला १,८०० रुपये कापलेले आणि पासबुकात शेवटच्या वर्षाच्या नोंदीच नाहीत. नियम असा की आपले १,८०० आणि मालकाचे तेवढेच, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरले गेले पाहिजेत. मालकाच्या हिश्शातले १,२५० पेन्शनला जातात, ५५० पीएफला. आपल्या पगारातून कापलेला पैसा न भरणं हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. भरपाईवर वाद घालता येतो, पण हे पैसे आमच्याच खिशातून काढलेले होते.

मग कोर्टात जायचं का, हा प्रश्न घरात सुरू झाला. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे प्रत्येक नातेवाइकाने ऐकवलं, मालकाच्या माणसानेही ऐकवलं. माझं स्पष्ट मत आहे की या म्हणीच्या भरवशावरच असे मालक निर्धास्त राहतात. जायचं की नाही, असा एकच प्रश्न नसतोच मुळी. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि राजीनाम्याचा वाद हे तीन वेगळे रस्ते आहेत. प्रत्येकाचा खर्च वेगळा, वेळ वेगळा, लागणारा पुरावा वेगळा.

पीएफसाठी वकीलही लागला नाही. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओ या सरकारी संस्थेच्या तक्रार पोर्टलवर यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर, टाकून तक्रार केली, स्लिपा आणि पासबुक जोडलं. पीएफ कायद्याच्या कलम ७-ए खाली चौकशी लागली की हिशेब सगळ्या कामगारांचा निघतो, आणि थकबाकीवर मालकाला १२ टक्के व्याज भरावं लागतं, दंड वेगळा. नोटीस पोचताच शेठचा फोन आला. "तक्रार मागे घे, सगळं एकरकमी देतो." मी म्हटलं, "शेठ, आधी भरा, मग बोलू." तक्रार मागे घेतली असती तर माझ्यासोबतच्या हेल्परांचे पैसेही अडकले असते. त्यांच्यातल्या काहींचं तर यूएएनच चालू केलेलं नव्हतं.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझे २६,००० होते, म्हणजे वर्षाला १५,००० आणि नऊ वर्षांचे १,३५,०००. पाच वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला, त्याचा हुद्दा कोणताही असो, ही रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी. मी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. पाकीट परत आलं, वर पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलेलं, 'घेण्यास नकार'. ते पाकीट फोडू नका, तसंच्या तसं जपा. पुढे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज दाखल केला तेव्हा कंपनीने माझा आधीचा अर्ज मिळालाच नाही असं सांगितलं आणि माझ्या वकिलांनी ते बंद पाकीट समोर ठेवलं. १० टक्के व्याजासह आदेश झाला. मालकाला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. त्याने अपील केलं नाही.

तिसरा रस्ता अवघड, आणि तो मी धरला नाही. दबावाने राजीनामा घेतला हे सिद्ध करायला माझ्याकडे केबिनमधल्या बोलण्यापलीकडे काही नव्हतं. त्यात कंपनीने दोन वर्षांपूर्वी मला 'असिस्टंट मॅनेजर' केलं होतं, पगारात नावापुरती वाढ देऊन. असा हुद्दा मिळाला की कायद्याच्या व्याख्येतले 'कामगार' तुम्ही नाहीच, असं म्हणायला मालकाला जागा मिळते. कोर्ट हुद्दा पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतं, हे खरं. पण ते दाखवायला रोजचे इन्स्पेक्शन रिपोर्ट लागतात, आणि ते सगळे कंपनीच्या कपाटात. असं प्रमोशन मिळालेल्यांनी स्वतःच्या सहीच्या हजेरीचे आणि कामाच्या कागदांचे फोटो ठेवावेत.

माझ्या शेजारच्या मशीनवरच्या मित्राने मात्र लेबर कोर्ट गाठलं. त्याने शेठच्या मुलाला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, 'राजीनामा कशासाठी?' उत्तर आलं, 'सगळ्यांचेच घेतोय, काम नाही.' त्या एका ओळीवर त्याची केस उभी आहे. त्याला वकीलही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाला. औद्योगिक कामगाराला, आणि कोणत्याही स्त्रीला, तो उत्पन्न न पाहता मिळतो. कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. तारखा पडताहेत, तो जातोय.

मुदतींचं भान ठेवा. "पुढच्या महिन्यात बघू" असं म्हणत मालक नेमका तोच वेळ खातो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांत करावी लागते. ग्रॅच्युइटीचा अर्ज करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर उरलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे, राजीनामा दिला असला तरी. संहिता लागू झाल्यानंतर नोकरी सुटली असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत ती तारीख सांगा. आणि आज कामावर असाल तर आजच पासबुक उघडून मागच्या महिन्याची नोंद आहे का ते पाहा.