डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर कोण हवा? ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल 26’ या गेमचे परीक्षण

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा नियमित हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस संपतो आणि ज्या विद्यापीठाच्या संघाने त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना भरमसाट गुण करू दिलेले असतात, तिथे पुढचे काही आठवडे एकाच प्रश्नावर खल चालतो : आता डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाची सूत्रे सांभाळणारा प्रशिक्षक, कोण? जुन्याला काढायचे की आणखी एक संधी द्यायची, नवा माणूस एनएफएल या व्यावसायिक लीगमधून आणायचा की लहान विद्यापीठात नाव काढलेल्या तरुणाला बोलवायचे, यावर चाहते अक्षरशः हिरिरीने भांडतात. ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल 26’ या व्हिडिओ गेममधील संघाचा कारभार चालवण्याच्या ‘डायनॅस्टी’ या प्रकारात अशी नेमणूक स्वतः करून तिचे परिणाम अनेक हंगाम भोगून पाहता येतात. या परीक्षणात मी गेमच्या त्या एका अंगाचाच विचार केला आहे. माझे मत आधीच सांगतो : नेमणुकीच्या पडद्यावर हा गेम तोकडा पडतो; पण स्वतः कोऑर्डिनेटर होऊन खेळल्यास या कामाची जी समज येते, ती वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीवर सामने पाहूनही येत नाही.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. ही मालिका 2013 मध्ये आलेल्या ‘एनसीएए फुटबॉल 14’ नंतर थांबली होती. महाविद्यालयीन खेळाडूंचे रूप आणि कौशल्य गेममध्ये वापरायचे, पण त्यांना एक पैसाही द्यायचा नाही, या व्यवस्थेला बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी न्यायालयात आव्हान दिले आणि त्या वादात मालिकाच बंद पडली. खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा 2021 मध्ये मिळाली, त्यानंतर 2024 च्या जुलैमध्ये ‘कॉलेज फुटबॉल 25’ आला आणि त्यात सहभागी झालेल्या प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर व गेमची एक प्रत मिळाली. त्या आवृत्तीत खेळाडू खरे होते, प्रशिक्षक मात्र काल्पनिक. जुलै 2025 मध्ये आलेल्या ‘26’ मध्ये तीनशेहून अधिक खरे प्रशिक्षक व कोऑर्डिनेटर आले. आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो तो खरा माणूस पडद्यावर असणे आणि त्याच्या जागी कुणी काल्पनिक माणूस असणे, यांत चाहत्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

या खेळाशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी या पदाविषयी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा खेळाडू वेगळे असतात, आणि बचावाच्या अकरांनी प्रत्येक चालीत कुठे उभे राहायचे, कोणी क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्या प्रमुख आक्रमकावर, धावून जायचे, कोणी कुणाला धरायचे, हे ठरवणारा माणूस म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. मुख्य प्रशिक्षक संघाचा चेहरा असतो; पण एका सामन्यात बचावाच्या साठ-सत्तर चाली येतात आणि त्यांतील प्रत्येकीसाठी काही सेकंदांत निर्णय घेणारा हा दुसराच माणूस असतो. त्याची चूक लाखभर प्रेक्षकांसमोर, गुणफलकावर लगेच दिसते. म्हणूनच त्याच्याविषयी चाहत्यांची मते इतकी टोकाची असतात.

गेमची परीक्षा घ्यायची तर समोर एखादे खरे उदाहरण हवे आणि मिशिगन विद्यापीठापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही. डॉन ब्राउन 2016 ते 2020 या काळात तिथे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. सतत ब्लिट्झ करायचा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त खेळाडू क्वार्टरबॅकवर सोडायचे, आणि मागे उरलेल्यांनी एकास एक पहारा द्यायचा, ही त्यांची पद्धत. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या बचावाची गणना देशातील उत्तम बचावांत होत असे. पण 2018 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने त्या बचावावर 62 गुण केले, 2019 मध्ये 56 केले, आणि 2020 चा कोविडने कापलेला हंगाम मिशिगनने दोन विजय व चार पराभवांवर संपवला. ब्राउन गेले. त्यांच्या जागी एनएफएलमधील बाल्टिमोर रेव्हन्सकडून माइक मॅकडोनाल्ड आले. वय तेव्हा 33. रेव्हन्सकडे ते लाइनबॅकर्सचे, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीचे, प्रशिक्षक होते आणि कोऑर्डिनेटर म्हणून त्यांनी कुठेही काम केलेले नव्हते. नामांकित, अनुभवी माणूस मागणाऱ्या चाहत्याला ही निवड पटणे कठीणच होते. परंतु 2021 मध्ये एडन हचिन्सन आणि डेव्हिड ओजाबो या दोघांना दोन कडांवर मोकळे सोडणारी रचना त्यांनी बसवली, हचिन्सन यांनी 14 सॅकचा, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याचा, विद्यापीठाचा विक्रम केला आणि मिशिगनने ओहायो स्टेटला 42-27 असे हरवले. वर्षभरातच मॅकडोनाल्ड रेव्हन्सकडे परतले. मग आले जेसी मिंटर. तेही रेव्हन्सच्याच तालमीतले, त्यामुळे खेळाडूंना नव्याने परिभाषा शिकावी लागली नाही, आणि 2023 च्या हंगामात पंधराही सामने जिंकून 8 जानेवारी 2024 रोजी वॉशिंग्टनला 34-13 असे नमवत मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मिंटर गेल्यावर आलेले विंक मार्टिनडेल हेही रेव्हन्सचे माजी डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच. माणसे बदलली, विचार मात्र एकाच घराण्याचा राहिला, आणि या साऱ्या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचा धागा मला हाच वाटतो.

आता गेमकडे वळू. डायनॅस्टीमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून हंगाम संपवला आणि कोऑर्डिनेटरची जागा रिकामी झाली, की उमेदवारांची यादी समोर येते. प्रत्येकाची पातळी, तो खेळाडू जमवणारा आहे, डावपेच जाणणारा आहे की खेळाडूंना घडवणारा, आणि त्याने कमावलेली कौशल्ये यांवरून निवड करायची असते. हे सर्व नेटके आहे, वाचायला सोपे आहे आणि पहिल्या एक-दोन हंगामांत उत्सुकताही वाढवते. पण वर सांगितलेली मिशिगनची गोष्ट या यादीतून घडू शकत नाही. तेहतीस वर्षांचा, नाव नसलेला मॅकडोनाल्ड इथे खालच्या पातळीचा उमेदवार ठरेल आणि सुज्ञ खेळाडू त्याला ओलांडून पुढे जाईल. मिंटर यांच्या येण्याने खेळाडूंचे जे वर्ष वाचले त्याला इथे हिशेबात स्थान नाही. शिवाय मुख्य प्रशिक्षक आपण स्वतः असलो तर बचावाचे प्लेबुक, म्हणजे चालींचा संच, हेही आपणच निवडतो, म्हणजे ज्या माणसाला त्याच्या विचारांसाठी आणायचे, त्याचे विचार बाजूला राहून तो निव्वळ गुणवत्तेत भर घालणारा घटक उरतो. चाहत्यांच्या वादात ‘हा माणूस आपल्याकडच्या मुलांना साजेसा आहे का’ हा प्रश्न केंद्रस्थानी असतो; पुढच्या फळीत जड, थोराड लाइनमन असलेल्या संघाला चपळ खेळाडूंची रचना देणे म्हणजे फिरकी गोलंदाजाला वेगवान गोलंदाजाची क्षेत्ररचना लावून देण्यासारखे आहे. गेमच्या नेमणूक-पडद्यावर हा प्रश्न जवळजवळ विचारलाच जात नाही.

या उणिवेची भरपाई गेम दुसऱ्या वाटेने करतो, आणि ती वाट फार थोडे लोक धरतात असे मला वाटते. डायनॅस्टी सुरू करताना मुख्य प्रशिक्षकाऐवजी थेट डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची भूमिका घेता येते आणि संघाच्या फक्त बचावाच्या चाली खेळण्याचा पर्याय निवडता येतो. आक्रमण संगणक सांभाळतो. त्याने तीन चालींत चेंडू गमावला, तर दमलेल्या बचावाला घेऊन पुन्हा मैदानात उतरण्याखेरीज आपल्या हाती काही नसते. ही अगतिकता खऱ्या कोऑर्डिनेटरच्या वाट्याला दर शनिवारी येते, आणि नुसत्या अंतिम गुणसंख्येवरून त्याला दोष देणे किती उथळ आहे, हे इथे हाताने खेळून कळते.

एक चाल जवळून पाहू. तिसरा डाऊन, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा; समोरच्या संघाला अजून सहा यार्ड हवे आहेत. मी पाच जण क्वार्टरबॅकवर सोडतो, मागे एकास एक पहारा, आणि सर्वांत मागे एकच सेफ्टी. समोरचा संघ ‘मेश’ खेळतो : दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, विरुद्ध बाजूंनी मैदानाच्या मध्याकडे धावत येतात आणि पाच-सहा यार्डांवर एकमेकांना जवळजवळ खेटून ओलांडतात. त्या गर्दीत माझा लाइनबॅकर अडखळतो, त्याचा रिसीव्हर दोन पावले पुढे निघतो, आणि एका आखूड पासचे पंचवीस यार्ड होतात, कारण ब्लिट्झमुळे मैदानाचा मधला भाग ओस पडलेला असतो. 2018 च्या त्या कोलंबसमधील सामन्यात ब्राउन यांच्या बचावावर ओहायो स्टेटने जे घाव घातले, त्यांतील बरेच याच जातीचे होते. पुढच्या वेळी तशाच प्रसंगी मी दाखवतो ब्लिट्झ, पण प्रत्यक्षात चारच जण सोडतो, आणि उरलेले सात जण जागा वाटून घेऊन क्वार्टरबॅककडे डोळे ठेवून उभे राहतात. क्वार्टरबॅक क्षणभर थबकतो आणि तेवढ्यात माझा कडेचा खेळाडू त्याला गाठतो. चार जणांनीच धावायचे, पण ते चार कोण हे आधी कळू द्यायचे नाही, हे मॅकडोनाल्ड यांच्या बचावाचे मर्म मला इथे जसे उमगले तसे कोणत्याही विश्लेषणातून उमगले नव्हते.

घरच्या मैदानाचा प्रभावही बचावाच्या बाजूने खेळताना अधिक चांगला जाणवतो. 1 लाख 7 हजारांहून अधिक क्षमतेच्या मिशिगन स्टेडियममध्ये गलका वाढला, की पाहुण्या संघाच्या आक्रमणाची घडी विस्कटू लागते, आणि नेमक्या त्या क्षणी ब्लिट्झ करण्याचा मोह आवरणे हीच कोऑर्डिनेटरची कसोटी ठरते. सतत मार खाणाऱ्या खेळाडूची ताकद हळूहळू उतरत जाण्याची व्यवस्थाही गेममध्ये आहे, त्यामुळे चौथ्या क्वार्टरसाठी कोणाला राखून ठेवायचे याचा विचार पहिल्यापासून करावा लागतो.

हंगामाअखेरचा प्रशिक्षकांच्या अदलाबदलीचा भाग वास्तवाच्या बराच जवळ आहे. आपण घडवलेल्या कोऑर्डिनेटरला दुसरे विद्यापीठ मुख्य प्रशिक्षक म्हणून उचलून नेते आणि यशाचीच किंमत मोजावी लागते. ओहायो स्टेटने 20 जानेवारी 2025 रोजी नॉट्र डेमला 34-23 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर जिम नोल्स प्रतिस्पर्धी पेन स्टेटकडे गेले. बातम्यांनुसार त्यांचा करार वर्षाला 30 लाख डॉलरहून अधिक रकमेचा होता. पेन स्टेटच्या चाहत्यांना याहून चांगला माणूस मागताच आला नसता. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएने पेन स्टेटवर 42 गुण करून सामना जिंकला आणि पुढच्याच आठवड्यातील पराभवानंतर मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना पद गमवावे लागले. गेममध्ये उच्च पातळीचा कोऑर्डिनेटर आणला की त्याची कौशल्ये पहिल्या दिवसापासून लागू होतात. नव्या जागी, नव्या मुलांना नवी परिभाषा शिकवण्यात जाणारा काळ मात्र कुठेच दिसत नाही. पुढच्या आवृत्तीत एक सुधारणा मागायची झाली तर मी हीच मागेन : नवी योजना रुजायला लागणारा वेळ दाखवा, आणि ओळखीच्या योजनेतून आलेल्या उमेदवाराला त्याचे श्रेय द्या.

गेम प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या यंत्रांवरच चालतो. संगणकासाठी तो नाही, आणि घेण्याआधी हे ध्यानात ठेवले पाहिजे. प्रकाशनाच्या वेळी साध्या आवृत्तीची किंमत 69.99 डॉलर होती. ज्यांना केवळ आवडत्या संघाचे आक्रमण घेऊन गुणांचा पाऊस पाडायचा आहे, त्यांना तो आवडेलच. पण मिशिगन, ओहायो किंवा पेनसिल्व्हेनियात शिकायला वा नोकरीला आलेल्या, शनिवारी सहकाऱ्यांच्या गप्पांत ‘कव्हर वन’ आणि ‘कव्हर थ्री’ हे बचावरचनांचे शब्द नुसते ऐकून घेणाऱ्या मराठी माणसाला मी हा गेम विशेष आग्रहाने सुचवेन. सुरुवात एखाद्या मध्यम विद्यापीठाचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून करावी, फक्त बचाव खेळण्याचा पर्याय निवडावा, काठिण्यपातळी ‘व्हर्सिटी’ ठेवून हात बसल्यावर ‘ऑल-अमेरिकन’ला जावे, आणि पहिल्या हंगामात प्लेबुक अजिबात बदलू नये.