कमी ओढीच्या धनुष्याला बाण: अॅल्युमिनियम की कार्बन?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. त्यामुळे तिरंदाजीतली २०२३ ची जगज्जेती अदिती स्वामी हिच्या साताऱ्यात २०-२४ पौंड ओढीचे (म्हणजे दोरी खेचायला तेवढा जोर लागणारे) धनुष्य घेणाऱ्यापुढे प्रश्न उरतो तो निशाण्याच्या बाणांचाच. १८ मीटरपर्यंत मी अॅल्युमिनियमच सुचवेन, कारण तो स्वस्त पडतो आणि वाकला असेल तर टेबलावर घरंगळवताच त्याची थरथर दिसते. ५० मीटरला मात्र त्याचे वजन नडते, बाण निशाण्याआधीच खाली येतो. तिथे हलका कार्बन सरस. कार्बनचा स्पाइनचा (काडी किती वाकते याच्या मापाचा) आकडा जितका मोठा तितकी काडी लवचीक, म्हणून कमी ओढीला ५०० चा ताठ बाण टाळून १००० च्या आसपासचा पाहावा. कार्बन वाकून राहत नाही, थेट चिरतो. आपटल्यावर तो हलकेच वाकवून करकर ऐकू येते का हे तपासावेच, कारण चिरलेली काडी सुटताना फुटून हातात घुसू शकते.