साडेचार हजारांचं एक्झॉटिक लाकूड, त्यात पाणी किती? (आठ महिन्यांनंतर)

नोव्हेंबरात ऑनलाइन घेतलेला ५ किलोचा मिक्स ऑफकट (कापून उरलेल्या तुकड्यांचा) बॉक्स, ९०० रुपये किलो. आत पडौक, पर्पलहार्ट न वेंगे या परदेशी लाकडांचे ब्लँक (म्हणजे वस्तू कोरायचे कच्चे ठोकळे), अन् आबनूसाचे चार पेन ब्लँक. फोटो-साइझ वगैरे सगळ्यांनी पाह्यलंच असेल, म्हणून डायरेक्ट सांगतो, ओलं लाकूड किलोवर घेऊ नका. घेतलंच तर आल्याबरोबर किचनच्या काट्यावर ठेवा.

पडौकचा मोठा ब्लँक आला तेव्हा १२४० ग्रॅम, अंगभर मेण थापलेलं. मी बाजूंचं मेण खरवडलं, टोकांचं राहू दिलं अन् दर पंधरा दिवसांनी वजन लिहीत गेलो (बायको म्हणे, बाळ आहे का ते). जूनच्या सुरुवातीला ९८५. म्हणजे २५५ ग्रॅम गेलं. २३० रुपयांचं पाणी न मेण घेतलं मी! आणि हा एकच ब्लँक, बाकीच्यांचा हिशेब मुद्दाम केला नाही.

दुसरा पडौक फेब्रुवारीत घाईघाईत लेथवर (लाकूड फिरवून कोरायच्या मशीनवर) चढवून सरळ फायनल वाटी करून टाकली होती. एप्रिलात आपल्या नागपूरचं ऊन सुरू झालं अन् एका दुपारी कपाटातून टक्कन आवाज, पाहतो तर काठापासून बुडापर्यंत तडा. कस्टमर केअरला फोटो पाठवले, चार दिवसांनी उत्तर, "सर, नॅचरल प्रॉडक्ट आहे." अरे मग पाण्याचे पैसे काहून घेतले?

पण आता राग जरा उतरलाय तर खरं लिहितो. लिस्टिंगमध्ये खाली 'ग्रीन' लिहिलं होतं, मला वाटलं पर्यावरणवालं ग्रीन. त्याचा अर्थ ओलं. आणि मेण पण फसवायला नसते, टोकं आधी सुकून फाटू नयेत म्हणून लावतात. ओल्या लाकडाची आधी जाड वाटी काढायची, भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ६ इंचीला १५ मिमी, पेपरात गुंडाळून ठेवायची न वजन उतरायचं थांबलं की मगच फायनल. तिसऱ्या ब्लँकची वाटी तशी केली, कूलरच्या खोलीत ठेवली, मे काढला तिनं. आता पावसाळ्यात तो ९८५ वाला ब्लँक परत १०१० झालाय, हवेतलं पाणी पिऊन राह्यलाय. हे तरी फुकट.

पर्पलहार्टवर मी एक स्टार देणार होतो. कापला तर आतून मळकट तपकिरी, म्हटलं फसवलं. चार दिवसांनी टेबलावर पडल्या पडल्या मस्त जांभळा झाला. फक्त उन्हात ठेवू नका, परत तपकिरी होते. वेंगेच्या फासा बोटात जातात, बाकी ठीक. पडौकचा लाल भुसा गच्चीवर आईच्या कुरड्यांवर उडाला तो विषय घरात अजून चालू आहे.

स्वस्तात शोधणाऱ्यांसाठी एक. कोकोबोलो किंवा आफ्रिकन ब्लॅकवूड फार स्वस्त दिसलं तर सांभाळून, शिसमाची ही अख्खी जात २०१७ पासून सायटिसच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, कागद मागा. आणि पडौकचा सख्खा चुलतभाऊ आपला बिजा, डायबिटीसवाल्यांना ज्याचे पाण्याचे ग्लास विकतात तोच. लकडगंजात (नागपूरचा लाकूडबाजार) जुन्या चौकटीचा तुकडा मला १५० रुपयांत मिळाला, कधीचाच सुकलेला, वजनाचं नाटक नाही.

खरी मजा तर तेंदूची. आपण पान बिडीपुरतं ओळखतो, पण झाड आबनूसाच्याच जातीचं. जळाऊ लाकडाच्या टालीवर एक ओंडका टोकाला काळा दिसला, १२ रुपये किलोनं उचलला. गाभा सरळ नाही, पांढऱ्यात काळ्या रेघा, मध्ये पोकळ, अर्धा वाया गेला. तरी सहा पेन अन् एक भोवरा निघाला, आणि बॉक्समधल्या त्या चार ब्लँकशेजारी ठेवले तर आमच्या घरात कुणालाच ओळखता आले नाही.

परवा परत गेलो टालीवर. भाऊनं दुसरा ओंडका बाजूला काढूनच ठेवला होता. म्हणे, तुम्ही जाळत नाही ना हे, मग ४० रुपये किलो. अन् ओंडका पावसात भिजलेला.