साखळी की त्रिकोण?

सिद्धेश्वर तलावाची रुंदी मोजायची, तर मोजणीची साखळी काठावरच अडते. सोलापूरच्या सपाट माळरानावर मात्र मी आजही टेपच धरेन. अंतर थोडं, हिशेब सरळ.

पाण्यापलीकडे त्रिकोणाला तोड नाही. अलीकडच्या काठावर १०० मीटरची आधाररेषा आखा. एका टोकावरून पलीकडचं झाड काटकोनात दिसलं आणि दुसऱ्या टोकाशी कोन ६० अंश भरला, की पहिल्या टोकापासून झाड १७३ मीटरवर. पाय ओला न करता! पण तोच कोन ६१ वाचला तर उत्तर थेट १८० वर जातं. म्हणून थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, नीट समतल करा, दुर्बीण उलटवून प्रत्येक कोन दोनदा वाचा. आणि ती आधाररेषा? ती साखळीनं किंवा टेपनंच मोजायची. १८०२ साली ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटननं मद्रासजवळ पोलादी साखळीनंच मोजली होती.