ब्रेक ऑइल बदलताना पेडल की व्हॅक्यूम पंप?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण ब्रेक ऑइलला जास्त जपायचं ते पावसाळ्यात. ते हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकात तोच किमान १५५ धरलाय.

पेडल पद्धतीला दोघं लागतात. मी चाकाशी, धाकटा भाऊ सीटवर. ‘दाब, धरून ठेव,’ म्हणायचं, निपल (चाकाजवळचा, ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडून बंद करायचं, मगच ‘सोड’. निपल उघडं असताना पाय उचलला की हवा आत शिरलीच! जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल तळाला टेकलं, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारा भाग) गंजलेल्या भागावर सील घासून फाटू शकतं.

निपलला नळी लावून ऑइल ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाने एकट्याने काम होतं, तेही भराभर. पण निपलच्या आट्यांतूनही हवा ओढली जाते, नळीत बुडबुडे दिसतच राहतात, त्यामुळे आतली हवा संपली का, ते कळत नाही.

म्हणून मी जुनं ऑइल पंपाने काढतो, शेवटचे फेरे मात्र पेडलनेच. टाकीतली पातळी दोन्हीत सतत बघा. एबीएस (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली असेल, तर बहुतेकदा स्कॅनरवाला गॅरेजच गाठावा लागतो.