पाय-होल : डीएनएसच्या वाटेवरचा पहारा, अंबडमधील आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात संगणक-नियंत्रित सीएनसी यंत्रांवर वाहनांचे सुटे भाग तयार होतात, आणि ग्राहकांनी विश्वासाने सोपवलेली ड्रॉइंग ही आमच्याकडची सर्वांत मोलाची ठेव आहे. तेथील संगणकांची जबाबदारी माझ्याकडे असून गेल्या आठ महिन्यांपासून मी पाय-होल हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालवत आहे. कार्यालयातील सर्व संगणकांचे डीएनएसचे, म्हणजे नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याचे, प्रश्न ते आपल्याकडे घेते आणि नको असलेली नावे अडवते. बहुतेक जण ते जाहिराती अडवण्यासाठी बसवतात. मी मात्र डीएनएसच्या वाटेने माहिती बाहेर जात नाही ना, हे पाहण्यासाठी बसवले, आणि त्याच कसोटीवर ते येथे तपासले आहे.

फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहाऱ्यात, बाकीचे दरवाजे बंद करता येतात, पण नावावरून पत्ता शोधल्याशिवाय एकही संकेतस्थळ उघडत नाही, त्यामुळे डीएनएसची वाट मोकळी ठेवावीच लागते. रविवार कारंजावर एखाद्याने पत्ता विचारावा आणि विचारलेल्या नावातच चोरीचा निरोप गुंफलेला असावा, तसा हा प्रकार आहे. हल्लेखोर स्वतःच्या नावावर एक डोमेन घेतो. आपल्या संगणकात शिरलेला त्याचा प्रोग्राम फाइलचे तुकडे अक्षरांत बदलतो, त्यांच्या शेवटी ते डोमेन जोडतो आणि त्या नावाचा पत्ता विचारतो. आपला डीएनएस सर्व्हर तो प्रश्न इमानेइतबारे पुढे पाठवतो व तो अखेर हल्लेखोराच्याच सर्व्हरवर जाऊन पोहोचतो. उलट दिशेने, विशेषतः टीएक्सटी या मजकूर ठेवण्याच्या डीएनएस-नोंदीच्या उत्तरातून, पुढची आज्ञाही येऊ शकते. 2020 मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणातील सनबर्स्ट हा घातक प्रोग्राम, तो ज्या संस्थेत शिरला तिच्या अंतर्गत डोमेनचे नाव अशाच सांकेतिक उपडोमेनमधून कळवत असे.

या वाटेची मोजदाद करून पाहिल्यावर तिचा धोका मला नीट कळला. दोन बिंदूंमधला भाग जास्तीत जास्त 63 अक्षरांचा आणि पूर्ण नाव 253 अक्षरांचे असू शकते. डोमेनची अक्षरे वगळून 220 उरली आणि प्रत्येक अक्षरात पाच बिट बसवले, तर एका प्रश्नातून सुमारे 137 बाइट जातात. म्हणजे 1 एमबीच्या ड्रॉइंगला साडेसात हजारांहून थोडे अधिक प्रश्न लागतात. घाई केली तर ती लपत नाही. पण मिनिटाला एकच प्रश्न पाठवला, तर तेच ड्रॉइंग सव्वापाच दिवसांत कोणाच्याही नजरेत न भरता बाहेर जाते.

खात्री करण्यासाठी मी स्वतःचे डोमेन व भाड्याचा सर्व्हर घेऊन, मालकांच्या परवानगीने, आयोडीन हे डीएनएसमधून बोगदा काढणारे साधन एका जुन्या संगणकावर चालवले. एरवी प्रश्नसंख्येच्या यादीत तळाशी असणारा तो संगणक काही मिनिटांत पहिल्या क्रमांकावर आला, आणि क्वेरी लॉगमध्ये, म्हणजे विचारलेल्या प्रश्नांच्या नोंदवहीत, एकाच डोमेनच्या मागे लागलेल्या अर्थहीन अक्षरांच्या लांबच लांब ओळी उभ्या राहिल्या. कोणत्या संगणकाने, केव्हा, कोणत्या प्रकारची नोंद विचारली, हे सारे तेथे सरळ वाचता येते. हे या सॉफ्टवेअरचे खरे बळ आहे, आणि एवढ्याचसाठी मी ते लहान कारखान्यांना मनापासून सुचवीन.

मात्र पाय-होलने तो बोगदा आपणहून ओळखला नाही. त्याच्या अडवायच्या याद्यांमध्ये आधीपासून ठाऊक असलेली डोमेन असतात. काल विकत घेतलेले डोमेन त्यांत कुठून येणार? एका मिनिटात हजाराहून अधिक प्रश्न विचारणाऱ्या संगणकाला ते मूळ मांडणीनुसार थोपवते, पण संथ गळतीवर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय नुसते पाय-होल बसवून भागत नाही. इतर संगणकांना डीएनएसच्या 53 क्रमांकाच्या पोर्टवरून थेट बाहेर जाण्यास राउटरवर बंदी घातली नाही, तर कोणताही प्रोग्राम त्याला वळसा घालून जातो. ही बंदी घालण्यापूर्वीचे आमचे पहिले दोन आठवडे वायाच गेले असे मी मानतो. एचटीटीपीएसच्या आवरणातून जाणारे डीएनएस यानेही पूर्णपणे अडत नाही; त्याचे ज्ञात सर्व्हर फायरवॉलवर वेगळे बंद करावे लागतात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार नोंदी 180 दिवस जपायच्या असतात, त्यामुळे साठवणीची मुदत त्याहून जास्त ठेवली. सतत लिहिले जात असल्याने मेमरी कार्डऐवजी एसएसडी वापरावी आणि लहानसा यूपीएस जोडावा, कारण रास्पबेरी पाय बंद पडला की सगळ्या कार्यालयाचे इंटरनेट बंद पडते.

नावांच्या लांबीनुसार क्रम लावण्याची सोय पडद्यावर नाही, ही उणीव मला रोज जाणवते; त्यासाठी नोंदींच्या डेटाबेसवर एसक्यूलाइट या डेटाबेस साधनातील आज्ञेची एक ओळ चालवावी लागते. रेजेक्सचा, म्हणजे अक्षरांचा नमुना जुळवणारा, नियम लिहून पन्नासहून अधिक अक्षरांचा सलग भाग असलेली नावे मी अडवली आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यात आमचे अँटिव्हायरसही अडकले, कारण ते फाइलची खूण डीएनएसमधूनच तपासते. ते डोमेन परवानगीच्या यादीत टाकल्यापासून तो नियम विनातक्रार चालू आहे.